साचा चिकट राहतोय? आधी बघा, कुठे चिकट राहतोय

जुलैतली रात्र, साडेनऊ वाजलेले, शेडच्या पत्र्यावर पाऊस नुसता बडवत होता. वाघमुखी मुठीच्या कट्यारीचा सिलिकॉनचा साचा उघडायला घेतला. वरचं पीओपीचं जॅकेट, म्हणजे सिलिकॉनला आकारात धरून ठेवणारं कडक कवच, अलगद सुटलं. आतलं सिलिकॉन बाहेरून झकास, घट्ट, दाबलं की परत उसळणारं. ते उलटं केलं आणि वाघाच्या तोंडाच्या जागी मधासारखा चिकट थर. बोट लावलं तर तार सुटली. आमचे दादा मूळचे पेणचे, अर्धं आयुष्य गणपतीचे साचे काढण्यात गेलेलं. त्यांनी बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "ताई, हे उद्याही वाळायचं नाही."

मी ऐकलं नाही. शंभर-शंभरच्या दोन बल्बांखाली रात्रभर ठेवलं. सकाळी तस्संच.

एका शूटिंगसाठी कट्यारी आठ हव्या होत्या. एक खरी, धातूची, क्लोजअपसाठी. बाकीच्या मारामारीसाठी मऊ. तीन दिवसांनी सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ. त्या एका कामात चिकटपणाचे जेवढे म्हणून प्रकार असतात, ते जवळजवळ सगळे आम्ही एकापाठोपाठ भोगले, म्हणून हे लिहायला बसले आहे. प्रॉपवाल्या, म्हणजे शूटिंगसाठी अशा वस्तू बनवणाऱ्या मंडळींचा दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो, "माल चिकट राहिला, हार्डनर कमी पडला का?" आणि दर वेळी कोणीतरी सांगतं, "पुढच्या वेळी जरा वाढव." बहुतेक वेळा हार्डनरचा, म्हणजे माल घट्ट व्हायला घालतात त्या द्रव्याचा, काही संबंध नसतो. चिकटपणा नेमका कुठे आहे, ते बघितलं की कारण निम्मं सापडतं. मूळ वस्तूला टेकलेल्या बाजूला? पट्ट्यापट्ट्यांनी? आरपार सगळीकडे? की हवेकडच्या बाजूला? चारही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

मूळ वस्तूला टेकलेल्या बाजूलाच चिकट

आमचं हेच झालं होतं. बाहेरून पक्कं, आतून चिकट, आणि तेही जिथे जिथे माती होती तिथेच. खाली लाकडी पाट होता, त्याला टेकलेली कड मात्र कोरडी ठणठणीत. ही खूण दिसली की वजन-माप तपासत बसू नका. माप चुकलं असतं तर कडही चिकटली असती.

सिलिकॉन दोन जातींचं येतं. एक टिनवालं, म्हणजे आपल्याकडे बाजारात सरसकट 'आरटीव्ही' म्हणून मिळतं ते, पांढऱ्या डब्यातल्या मालात शेकडा दोन-पाच कॅटलिस्ट (म्हणजे हार्डनरच) घालायचं. दुसरं प्लॅटिनमवालं, दोन भाग समसमान किंवा दहास एक. प्लॅटिनमवाल्यात प्लॅटिनमचं प्रमाण दहा लाखांत काही भाग एवढंच असतं. एवढ्याशा मालावर अख्खा साचा घट्ट व्हायचा असतो. त्याला गंधक भेटलं की गंधक त्या प्लॅटिनमला धरून बसतं आणि त्याचं काम थांबतं. गंधक मातीतून फार आत जात नाही, म्हणून टेकलेला पातळ थर तेवढा कच्चा राहतो आणि त्याच्या पाठीमागचं सगळं नीट सेट होतं. आणि नेमक्या त्याच थरात आपण चार दिवस खपून काढलेल्या मिशा, दात, डोळ्याच्या कडा असतात.

आमची माती म्हणजे तेलाच्या प्लास्टिलिनाची तपकिरी वीट. नेहमीचा शिल्लक माल संपला होता, म्हणून दुसरीकडून मागवलेली. तेलाच्या कित्येक मातींत गंधक भरलेलं असतं, त्यामुळे मातीला घनपणा येतो, बारीक काम छान उठतं. बिनगंधकाच्या मातीही मिळतात. चॅव्हंट कंपनीच्या एनएसपी या मातीच्या नावातच 'गंधक नाही' हे आहे. सुट्या विटेवर मात्र कोणी काही लिहीत नाही. थोडी वितळवून वास घ्या, काडेपेटीसारखा आला तर समजा. चांदीचा जुना तुकडा मातीत दाबून उबेला रात्रभर ठेवा, काळा पडला तर नक्की समजा. नाही पडला म्हणून बेफिकीर मात्र होऊ नका.

गंधकाखेरीज प्लॅटिनम सिलिकॉनचे वैरी बरेच आहेत. लॅटेक्सचे हातमोजे (ते घालून मातीवर शेवटचा हात फिरवला की बोटांच्या ठशांएवढे चिकट डाग उठतात, नायट्रिलचे किंवा विनाइलचे घाला). टिनवाल्या सिलिकॉनचा साचा. लॅटेक्स रबराचा साचा. गाडीच्या पुट्टीने भरलेली, अजून ओली असलेली जागा. काही इपॉक्सी. आणि अलीकडे सगळ्यांना छळणारं म्हणजे रेझिनवर काढलेले थ्रीडी प्रिंट. डिझायनर लॅपटॉपवर मॉडेल करतो, प्रिंट गुळगुळीत येतो, आपण खुशीत सिलिकॉन ओततो आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे लापशी. प्रिंटच्या पृष्ठभागावर न पिकलेलं रेझिन राहिलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा, यूव्हीखाली सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवा, मग ६० अंशांच्या आसपास काही तास तापवा, वर अ‍ॅक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन हात द्या. एवढं करूनही चाचणी घ्यायचीच. फिलामेंटवाल्या, म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून काढलेल्या प्रिंटचा हा त्रास सहसा होत नाही.

चाचणी म्हणजे काय, तर मूळ वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर, बुडाला, रुपयाएवढा सिलिकॉनचा थेंब. शेजारी स्वच्छ प्लॅस्टिकच्या झाकणावर त्याच मिश्रणाचा दुसरा थेंब. दोन्ही सेट झाले तर ओता. झाकणावरचा झाला आणि वस्तूवरचा नाही, तर वैरी वस्तूत आहे. दोन्ही झाले नाहीत तर तुमचं माप किंवा माल बिघडलाय. दहा ग्रॅम मालात कळतं ते दोन किलो ओतून कळून घेऊ नये. मी हे सगळ्यांना सांगत फिरते आणि त्या दिवशी घाईत मीच केलं नव्हतं.

लेप देऊन सुटका होते का? कधीकधी. फ्रेंच पॉलिशवाले वापरतात ती चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन हात द्यायची ही जुनी युक्ती लाकडावर, पीओपीवर उत्तम चालते. गंधकाच्या मातीवर तिचा भरवसा नाही. माती मऊ, लाखेचा पापुद्रा कडक. दाबलं की भेगा, आणि भेगेतून गंधक. चार वेळा जमतं, पाचव्यांदा फसतं, आणि ते पाचवं काम नेमकं मोठं असतं.

मग आता काय करायचं? कच्चा राहिलेला थर कच्चाच राहणार. बल्ब, ऊन, हेअर ड्रायर, वरून आणखी हार्डनर चोपडणं, यातलं काहीही चालत नाही. साचा टाका. मूळ वस्तू वाचवायची असेल तर बोथट पट्टीने चिकटा खरवडून घ्या, उरलेल्यावर त्याच मातीचा गोळा थापून थापून उचलून घ्या. टर्पेंटाइनने पुसलंत तर मातीही विरघळते, ते अगदी शेवटचं. मग मिशा पुन्हा काढायच्या. आम्ही संध्याकाळपर्यंत काढत होतो.

आणि मग टिनचं सिलिकॉन ओतलं. टिनला गंधकाचं सोयरसुतक नाही. आधीच का नाही ओतलं, हे दादांनी विचारलंच. कारण टिनचा साचा आकसतो. सेट होताना त्यातून अल्कोहोल बाहेर पडतं आणि ग्रेडप्रमाणे शेकडा पाव-अर्ध्यापासून एकापर्यंत माप घटू शकतं. १२ सेंटिमीटरच्या मुठीत एक टक्का म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. धातूच्या कट्यारीशेजारी ठेवली तर जाणकाराला दिसेल. पण मारामारीत कोण बघतंय! तेव्हा हट्ट सोडला.

एक बारीकशी गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यातून पुढचा गोंधळ झाला. टिनचा ताजा साचा उघडल्यावर त्यातून आणखी काही काळ अल्कोहोल निघत राहतं. त्यात लगेच पीयू (पॉलियुरेथेन, आमच्या मऊ कट्यारींचा माल) ओतलं की पहिला नग वरवर चिकट किंवा फोडफोडांचा येतो. साचा उघडून वाऱ्यावर दिवसभर ठेवावा, घाई असेल तर ५०–६० अंशांवर काही तास. बंद डब्यात तापवू नका, टिनचं सिलिकॉन कोंडलेल्या उष्णतेत उलट मऊ पडू शकतं. आमचा पहिला नग चिकट निघाला तो ह्यामुळे, आणि तोवर गंधकाची इतकी धास्ती बसली होती की मी अर्धा तास मातीलाच शिव्या देत होते.

पट्ट्यापट्ट्यांनी, ठिपक्याठिपक्यांनी चिकट

हे ढवळण्याचं पाप. बादलीच्या कडेला आणि बुडाला जो माल चिकटून राहतो त्याला कॅटलिस्ट भेटलेलंच नसतं. शेवटी पट्टीने निपटून तोच आपण साच्यात ओततो, काटकसर म्हणून. सरळ दोन भांडी करा. पहिल्यात ढवळा, दुसऱ्यात ओता, दुसऱ्यात परत ढवळा, मग साच्यात. निपटायचं नाही, दोन चमचे माल गेला तर जाऊ दे.

डबा बरेच दिवस पडून असेल तर भुकटी खाली बसलेली असते. बाहेर माल काढण्याआधी अख्खा डबा तळापासून ढवळायला हवा. कॅटलिस्टमध्ये रंग असेल तर रेघा डोळ्यांना दिसतात. नसेल तर सिलिकॉनला चालणारा पिगमेंटचा एक थेंब घाला. ड्रिलला पंखा लावून जोरात फिरवलं की मिसळतं चांगलं पण हवाही भरते, आणि मग वाघाच्या नाकावर बुडबुडे.

सगळाच मऊ, आरपार

आता मात्र माप बघा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या पायरीने दाखवतो. शंभर ग्रॅम मालात तीन टक्के म्हणजे तीन ग्रॅम कॅटलिस्ट. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे सहावा हिस्सा कमी-जास्त. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, महाग नसतो. आणि 'बाटलीच्या टोपणाने' मोजणं बंद. प्लॅटिनमवाल्याचं माप वजनाने सांगितलंय की घनफळाने, हे लेबलवर वाचा. दहास एकच्या मालात हा घोळ हमखास होतो.

टिनचं कॅटलिस्ट हवेतल्या दमटपणाने मरतं. पावसाळ्यात तीन महिने अर्धी उघडी राहिलेली बाटली गढूळ दिसायला लागली की संपली. म्हणून ते दुप्पट घालायचं, असं नाही. नवीन बाटली आणायची. ताज्या मालात जास्त घातलं तर साचा लवकर उतरतो खरा, पण तो ठिसूळ होतो, जास्त आकसतो आणि दहाव्या नगाला कोपऱ्यात फाटतो.

फायबरची पाठ चिकट

ह्याच कामातल्या ढाली फायबरच्या, म्हणजे काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या होत्या. नवीन मुलगा संध्याकाळी घाबरून आला, "ताई, ढालीची आतली बाजू हाताला लागते." बाहेरची, साच्याकडची बाजू? ती कडक. मग काही झालेलं नाही. पॉलिएस्टर रेझिनला हवेतला ऑक्सिजन सेट होऊ देत नाही, त्यामुळे उघड्या बाजूला वरचा थर चिकटच राहतो. थरावर थर घालायचा असतो तेव्हा ते सोयीचंच असतं, पुढची मॅट घट्ट धरते. शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये मेण असलेलं द्रावण मिसळायचं, मेण वर तरंगून हवा अडवतं. किंवा शेवटच्या ओल्या थरावर पीव्हीए (वाळून पातळ पापुद्रा धरणारं द्रावण) फवारायचं, किंवा सरळ पॉलिथिन ताणून बसवायचं. राहूनच गेलं असेल तर अ‍ॅसिटोनने पुसून मेणाच्या रेझिनचा एक हात.

उलट साच्याकडची, जेलकोटची (साच्यात सगळ्यात आधी मारतात त्या रेझिनच्या थराची) बाजू चिकट असेल तर मात्र खरी अडचण. जेलकोट फार पातळ मारला की त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही आणि तो कच्चा राहतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवा. कच्च्या जेलकोटवर मॅट चढवली की खालून तो सुरकुततो, मगरीच्या कातडीसारखा, आणि ते मग पुट्टीने झाकणं म्हणजे नवी ढाल करण्याएवढंच काम. कॅटलिस्ट शेकडा एक ते दोन, पावसाळ्यात एकाच्या खाली जाऊ नका. मॅट दमट असेल तर ती रेझिन पीत नाही, पांढरे डाग दिसतात. आम्ही मॅटचा रोल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बल्बच्या पेटीशेजारी उभा ठेवतो.

घाईत असलेल्यांसाठी एक धोक्याची सूचना, ही विनोदाने घेऊ नका. कोबाल्ट (रेझिनचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि एमईकेपी (रेझिनचं कॅटलिस्ट) कधीही एकमेकांत थेट ओतू नका, एका मापात लागोपाठ मोजूसुद्धा नका. भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग कॅटलिस्ट. आणि कॅटलिस्ट मोजताना चष्मा. डोळ्यात गेलं तर डोळा जातो.

पावसाळ्यात पीयू फुगतं

मऊ कट्यारी पीयू रबरच्या. दुसरा नग ओतला आणि तो चिकट नव्हता, पण मुठीत डोसा घातल्यासारखी जाळी. पीयूच्या एका भागातलं आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. फोम बनवणारे हेच मुद्दाम करतात, आपण नकळत. जुलैत मुंबईच्या हवेत पाणी सगळीकडे आहे. दुसऱ्या भागाचा डबा उघडा राहिला की तो हवेतलं पाणी ओढतो. टॅल्कसारखी भुकटी घालत असाल तर ती आधी तापवून कोरडी करा. रंग पाण्याचा नको.

आणि आइस्क्रीमच्या काड्या! आम्ही डबे बदलून बघितले, माल देणाऱ्याला फोन केले, शेवटी दादांनी कागदी कपात लाकडी काडीने ढवळणाऱ्या मुलाकडे बघितलं आणि हसले. लाकडात ओल, कागदात ओल. स्टीलची पट्टी आणि प्लॅस्टिकचा कप घेतला, जाळी निम्म्यावर आली. साचा बल्बच्या पेटीत तासभर कोमट करून घेतला, उरलेलीही गेली. बुडबुडे दाबून बारीक करायला प्रेशर पॉट (दाबाचं भांडं) असेल तर उत्तमच, पण दमट मालाला तोही काही करू शकत नाही. हे सगळं करताना शेड उघडी आणि तोंडाला सेंद्रिय वाफांच्या काडतुसाचा मास्क. कापडी मास्कने आयसोसायनेट अडत नाही.

रंगवल्यावर, पंधरा दिवसांनी चिकट

पहिल्या दिवशी सातच्या कॉलला सात मऊ कट्यारींपैकी तीनच पोचल्या. त्याही टेम्पोत मांडीवर रंगवलेल्या. हातात सापडला तो ऑइलपेंटचा डबा, सोनेरी आणि काळा. काम भागलं, दिग्दर्शकांना काही कळलं नाही, कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या शूटिंगलाही त्याच दिसाव्यात म्हणून, कट्यारी बबल रॅपमध्ये गुंडाळून ट्रंकेत गेल्या. पंधरा दिवसांनी पुढच्या शेड्यूलला काढल्या तर रंग चिकट, वाघाच्या कपाळावर बबल रॅपचे गोल गोल ठसे, आणि एका कट्यारीला दुसरीचा बबल रॅप कायमचा डकलेला.

मऊ मालात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि वरच्या ऑइलपेंटला कधीच पुरतं वाळू देत नाही. मऊ पीयूवर पीयूचाच लवचीक रंग मारा, किंवा रंग साच्यातच पिगमेंटने द्या आणि वर फक्त काळपट हात फिरवा. ठेवताना सुती कापडात, आणि वर टॅल्कचा हलका हात. प्लॅस्टिकला लावून मऊ प्रॉप कधीच ठेवायचा नाही, रंगवलेला असो नसो. चिकटलेला ऑइलपेंट काढायचा तर खरवडून, फार तर स्पिरिटने. थिनरने मालच फुगतो.

उरलेल्या चार कट्यारी आम्ही नंतर सावकाश केल्या, त्या आल्या तशा अजून आहेत. आता प्रत्येक ओतणीचा एक उरलेला थेंब झाकणावर ठेवतो, तारीख, माल आणि माप मार्करने लिहून, फळीवर ओळीने. काही बिघडलं की आधी त्या झाकणाला बोट लावायचं. ती तपकिरी वीटही टाकली नाही. तिच्यावर लाल अक्षरांत 'गंधक' लिहून ठेवलंय. पीओपीच्या साच्यांना आणि टिनला ती उत्तम चालते, आणि खरं सांगायचं तर मिशा तिच्यात जितक्या सुबक निघतात तितक्या दुसऱ्या कुठल्याच मातीत निघत नाहीत.